जुनी खिडकी

स्क्रीनवरच्या दोन खिडक्यांत कर्सर सारखाच लुकलुकत होता. दूरच्या रुग्णालयाच्या सर्व्हरवर आम्ही ज्या सॉफ्टवेअरने लॉगिन करतो, त्याच्या सुरक्षेतच भगदाड सापडलं होतं. मी ते आत्ताच बुजवलं होतं. अशा वेळी आधीची खिडकी चालू ठेवायची असते. नवं लॉगिन झालंच नाही, तर निदान तिच्यातून सावरता येतं.

दुसऱ्या खिडकीत नवं लॉगिन झटक्यात झालं.

"मग जुनी बंद कर ना," शेजारी बसलेली मेघना म्हणाली.

माझं बोट घुटमळलं. सकाळपासून चोर आत शिरेल म्हणून जीव टांगणीला होता. आता वाटत होतं, मीच बाहेर राहिलो तर? यातली खरी भीती कुठली, कळेना.

"अरे, थांबलास कशाला?"

जुनी खिडकी दुरुस्तीआधी उघडलेली, म्हणून अजून त्या भगदाडवाल्या सॉफ्टवेअरवरच चालली होती, आणि मला आधार तिचाच वाटत होता.