मी बरी झाले नव्हते, आणि शमुवेलनी ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं

मी कधीच बरी झाले नव्हते.

हे आज परत सांगावं लागतंय, कारण काल चर्चच्या ग्रुपवर माझ्या मिस्टरांचा फोटो आला. खाली लिहिलंय, ‘आमच्या मिशनचे निष्ठावंत सेवक शमुवेल. यांची पंगू पत्नी प्रार्थनेनं चालू लागली.’

त्याखाली आमेनची रांग.

ज्यानं कुणी हे टाकलं, त्यानं आजच्या आज काढावं. आज शमुवेलचा स्मृतिदिन आहे. त्यांच्या नावावर खोटं खपवून घेणार नाही.

माझी बोटं वाकडी आहेत, टाइप होत नाही. लेक शेजारी बसून लिहून घेतेय. तिला म्हटलंय, एक शब्दही गोड करू नकोस.

नव्वदच्या दशकात आम्ही वसमतला राहायचो. शमुवेल मिशनचे प्रचारक. सायकलवर गावं करायचे, पार डोंगरकडा गावापर्यंत. मी बालवाडी शिकवायचे.

लेक दोन वर्षांची असताना माझे सांधे सुजले. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे. जन्मभर राहील. गोळ्या सोडायच्या नाहीत.

तेव्हापासून माझी वेणी शमुवेल घालायचे. साडीच्या निऱ्या करून द्यायचे. भाकरी थापायला शिकले. मला उचलून संडासला न्यायचे, आणि मग सायकल काढून कामाला.

बायकोची वेणी घालतो म्हणून गल्ली हसायची. गल्लीचा मला राग नाही.

राग आपल्याच लोकांचा आहे.

मिशनचे प्रमुख एकदा घरी आले. शमुवेलनी केलेला चहा पीत माझ्यादेखत म्हणाले, ज्याची स्वतःची बायको बरी होत नाही, त्याच्या देवावर गावातल्यांनी काहून विश्वास ठेवायचा?

मग ती चंगाई सभा झाली, प्रार्थनेनं आजार बरे करण्याची. मैदानात मांडव, बाहेरून आलेले मोठे उपदेशक. मला स्टेजवर चढवलं. काठी काढून घेतली. दोघांनी काखेत धरून चार पावलं ओढत नेलं. टाळ्या. फोटो.

माईकवरून सांगितलं, गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास. माझ्या पिशवीतली पाकिटं तिथंच काढून घेतली.

शमुवेल स्टेजखाली उभे होते. गप्प.

घरी आल्यावर मी म्हटलं, अहो, नांदेडहून गोळ्या मागवा.

ते म्हणाले, "थोडं थांबून बघू, सुनंदा."

मी थांबले. मलाही आशा होतीच. ते कबूल करायला मला लाज नाही.

तीन आठवड्यांत ताप भरला. गुडघे टम्म सुजले. उजवं मनगट आखडलं, ते आजपर्यंत सुटलेलं नाही.

आणि त्याच महिन्यात मिशनच्या पत्रिकेत माझा फोटो. ‘पंगू भगिनी चालली.’ शमुवेलना ऑर्डर आली, आता गावोगाव जाऊन ही साक्ष द्यायची.

रविवारी उपासनेआधी त्यांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर खरं सांगू का? मी म्हटलं, सांगा.

साक्षीच्या वेळेला त्यांनी मला उचलून पुढे नेलं आणि खुर्चीवर बसवलं.

"ही बरी झालेली न्हाई. पत्रिकेत छापलं ते खोटं हाय. गोळ्या बंद केल्या म्हणून हिचा हात गेला. मी तिथं उभा होतो अन् बोललो न्हाई. हे पाप माझं हाय. देवाचं नाव ह्याच्यात घालू नका."

प्रमुख उठून बाहेर गेले.

आठ दिवसांत काम गेलं. एक सवलत मात्र देऊ केली होती. बायकोला पुसेगावला माहेरी ठेवा, जाहीर माफी मागा, मग बघू. शमुवेल म्हणाले, माफी हिची मागायची होती, ती मागून झाली.

मग मोंढ्याच्या बाजारात हळद तोलायचं काम धरलं. शमुवेलनी प्रचार सोडला, असं लोक बोलायचे. बोलू द्या. रविवारी दुपारी ते सायकल काढून अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जायचे. अंग पुसायचे, नखं काढायचे, कूस बदलून द्यायचे.

आता त्यांच्यावरच्या रागाचं सांगते.

शेवटचं वर्षभर त्यांच्या छातीत दुखत होतं. मोंढ्यातल्या सोबत्याला सांगितलं, मी ॲडमिट झालो तर हिला उचलणार कोण? मला एका शब्दानं बोलले नाहीत. अहो, मी आजारी होते, लहान लेकरू नव्हते. काहीतरी केलं असतं आपण.

एका सकाळी पोत्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

दफनाला प्रमुख आले. कबरीपाशी उभे राहून म्हणाले, देवाची योजना आपल्याला कळत नाही.

मी खुर्चीतूनच म्हटलं, "देवाची राहू द्या. तुमची मला कळली होती."

सांत्वनाला आलेला जो तो म्हणायचा, प्रार्थनेत आठवण करू. उद्या मला अंघोळ कोण घालणार, हे एकानंही विचारलं नाही. लेक बारावीला. तिच्या एकटीच्यानं मी उचलली जात नव्हते.

तिसऱ्या दिवशी एसटीनं डोंगरकड्याहून एक बाई आली. नाव कौसाबाई. मेंढरं राखणारं घर. मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिनंच सांगितलं, तिचा नवरा लकव्यानं पडून होता, आणि तो जाईपर्यंत शमुवेल दर रविवारी त्याचं करायला यायचे.

मी विचारलं, प्रार्थना करायचे का तुमच्याकडे?

"इचारायचे, करू का म्हनून. आमी न्हाई म्हनायचो. तरी पुढच्या रविवारी यायचे."

मग तिनं पदर खोचला, पाणी तापायला ठेवलं आणि माझ्या लेकीला जवळ बोलावलं. आईला उचलताना कंबर कशी सांभाळायची, ते आधी दाखवलं. पंधरा दिवस राहिली.

शमुवेल, जय ख्रिस्त. प्रभूजवळ विसावा घ्या.

तुमची सुनंदा आणि लेक