शेवटचं कडवं

“लोकगीताला कवी नसतो हो,” कार्यक्रम ठेवणाऱ्या मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

माझ्या हातात पत्रिका होती. अंधेरीचं कलासंग्रहालय, चित्रांच्या दालनात संध्याकाळी गाणी आणि कवितावाचन. सतारवाल्याच्या नावाखाली त्याच्या गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचंही. कवितावाल्याचं नाव फोटोसकट. आमच्या गाण्यापुढे छापलं होतं: पारंपरिक, कवी अज्ञात.

अज्ञात! माझा बाप साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथ चालवायचा. तेलाचे डाग पडलेल्या पाठकोऱ्या कागदांवर गाणी लिहायचा. आमच्या भांडुपच्या वस्तीत भीमजयंतीला ती आजही म्हणतात. आमच्यात रीतच आहे, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ‘म्हणे लखू साकीनाक्याचा’ आलं, की गाणं पुरं झालं.

मी मॅडमना तेच सांगितलं.

“मग ते कडवं गाळा ना,” त्या म्हणाल्या. “पत्रिका छापून झालीय, लोक गोंधळतील. आणि प्लीज, मागच्या चित्राला पाठ लावू नका.”

त्या चित्राखाली पितळी पट्टीवर चित्रकाराचं नाव कोरलेलं होतं.

मी “बरं” म्हणाले. आजही स्वतःचा राग येतो. चाळिशीची बाई मी, दवाखान्यात नोकरी करते, डॉक्टरलाही तोंडावर बोलते. आणि तिथे शेपूट घातली. एवढ्या मोठ्या जागी बोलावलं, यातच मी विरघळले होते.

गाणं सुरू झालं. ढोलकीवर माझा मामेभाऊ. आई शेवटच्या रांगेत, ठेवणीतलं पातळ नेसून. आईनं उभ्या जन्मात बाबांचं नाव घेतलं नाही. तिच्या कानावर ते यायचं गाण्यातूनच, आणि ते यायच्या आधी ती डोक्यावर पदर घ्यायची. बाबा होते तेव्हाही, गेल्यावरही.

तिसरं कडवं संपत आलं. मॅडमनी बाजूनं हात वर केला, थांबा म्हणून. भावानं ढोलकी थांबवली.

आणि शेवटच्या रांगेत आईनं डोक्यावर पदर घेतला.

मी थांबले असते तर ती तशीच बसून राहिली असती, नावाची वाट बघत.

मी चौथं कडवं उचललं. मॅडमनी खूण केली, माईक बंद झाला. मग घसा फोडून गायले. ‘म्हणे लखू साकीनाक्याचा.’ काहींनी टाळ्या वाजवल्या, काही मोबाइल बघत बसले.

बाहेर मॅडम म्हणाल्या, “तुम्हा लोकांना संधी दिली की असं करता.”

तुम्हा लोकांना. हे दोन शब्द मी विसरलेली नाही.

रिक्षात भाऊ भडकला. “वाट लावलीस ना, ताई! आता कोण बोलावणार आपल्याला?” त्याचं खरं ठरलं. अशा जागी पुन्हा कुणी बोलावलं नाही. आता तो माझा फोनही उचलत नाही. त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

पण त्या दिवसापासून मी गाण्याचा क्रम बदललाय. बापाच्या नावाचं कडवं आधी, बाकीची मागून. कुणाला काही कापायचंच असेल तर शेवटून कापा. आणि बोलवायला फोन आलाच, तर पहिलं विचारणार, पत्रिकेत नाव काय छापताय? नाव गाळून माझ्याकडून गाणं मिळणार नाही.