मुर्ध्याच्या मिठागरातली पाठमोरी बदकं

वाचकांच्या अजब अनुभवांचं हे सदर मी आजवर चहा पिता पिता वाचायचे, हसायचे आणि पान उलटायचे. आता मीच त्यात लिहितेय, म्हणून थोडी लाजही वाटतेय आणि चीडही येतेय. मी बी.एस्सी. आहे. माणगावच्या शाळेत शिकले, आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. सध्या भाईंदर पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. नळीत जे दिसतं ते खरं, बाकी लोकांचं बोलणं... इतकी साधी माझी समजूत.

त्यात सासर मिळालं मुर्ध्याचं. इथे प्रत्येकाला काही ना काही "लागलेलं" असतं. ताप आला – खाजणातलं भूत लागलं. दूध नासलं – नजर लागली. माझी स्कूटर चालू झाली नाही तर शेजारच्या काकू लिंबू घेऊन येतात. मी प्लग पुसते, गाडी सुरू होते आणि श्रेय जातं लिंबाला! इतकी वर्षं हे सहन करतेय.

पण सासऱ्यांबद्दल आधी एक सांगायलाच हवं. लग्न झालं तेव्हा माझं शेवटचं वर्ष बाकी होतं. सून कॉलेजात जाते म्हणून भावकीत कुजबुज चालायची. परीक्षेच्या दिवसांत बाबा स्वतः मला सायकलवरून स्टेशनला सोडायचे आणि म्हणायचे, "पेपर लिवून ये. चुलीचं मी बगतू." माझ्या आईवडिलांइतकेच त्यांचे उपकार माझ्यावर आहेत. म्हणूनच त्यांच्यावर इतकं चिडता येतं.

चिडण्याचं कारण बदकं. बाबांचा जन्म मिठागरात राबण्यात गेला. मिठागरं बंद पडली, तिथे पाणी साचून तळी झाली आणि हिवाळ्यात त्यांवर रानबदकं उतरू लागली – ती हळदी-कुंकू म्हणतात ती, काळ्या चोचीला पिवळं टोक असलेली. बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ जाळं लावून ती धरायचे.

"बाबा, कायद्याने बंदी आहे. फॉरेस्टवाले धरून नेतील."

"मी कनाला मारतू? धरतू नि सोडतू."

"धरायलाही बंदी आहे!"

"बदकांनी तक्रार केली काय?"

हे असं. आणि वर त्या जाळ्याचं शास्त्र जेवताना ऐकायचं. सोसाट्याचा वारा सुटला की बदकं पाण्यावर वाऱ्याकडे तोंड करून बसतात. पाठीकडून वारा लागला तर पिसं उलटी होतात, त्यांना ते चालत नाही. उडतात तीही वाऱ्याच्या तोंडालाच, म्हणजे वारा येतो त्या दिशेने. मग जाळं कुठे लावायचं? वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला. एकाने जाळ्यापाशी दबा धरायचा आणि दुसऱ्याने मागून जाऊन हाकारा द्यायचा, म्हणजे ओरडून बदकं उठवायची. माझ्या मुलीला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे, लवकर अँजिओप्लास्टी करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बाबांनी त्याहून स्वच्छ नकार दिला. मी रिपोर्ट समजावले, माझ्या नवऱ्याने, नितेशने, हात जोडले... काही उपयोग नाही.

"मना काय झायलंय? एकट्यानं जालं लावून दाखवतू, मग बोला मना पेशंट."

आम्हाला वाटलं, बोलतायत.

संक्रांत होऊन गेली होती. रविवार होता. सकाळपासून उत्तरेचा वारा असा सुटला होता की शेजारच्या बांधकामावरची हिरवी जाळी फाटून आमच्या तुळशीवर येऊन पडली. दुपारी जेवायला हाक मारली तर बाबा नाहीत. पडवीतलं जाळंही नाही. नितेश ड्यूटीवर. मी बाबांची जिभेखाली ठेवायची गोळी पर्समध्ये टाकली आणि निघाले. वाटेत काकू भेटल्या.

"वाऱ्याची कुठं निघालीस गो?"

"बदकं धरायला!" मी म्हटलं. त्यांना ते खरंच वाटलं असावं.

जाळं कुठे असणार हे पाठ होतंच. वारा उत्तरेचा, म्हणजे तळ्याची उत्तरेकडची कड. डोळ्यांत धूळ, तोंडात ओढणी, बांधावर दोनदा पाय मुरगळला. मनातल्या मनात मी बाबांना जे जे बोलले ते इथे छापता येणार नाही. तिथे पोचले तर जाळं उभं होतं, शिडासारखं फुगलेलं. बाबा नव्हते.

"बाबाऽऽ!" मी जीव खाऊन ओरडले. वारा पाठीमागून होता, आवाज सगळा तळ्यापलीकडे गेला. उत्तर नाही.

आणि मग मला बदकं दिसली. तळं काही मोठं नाही, शाळेच्या मैदानाएवढं. मधोमध एकच थवा बसलेला – आणि सगळी माझ्याकडे पाठ करून. सगळी. एकाचंही पिवळं टोक दिसेना, नुसत्या शेपट्या. मी उत्तरेला उभी, वारा उत्तरेचा, माझी ओढणी दक्षिणेकडे फडफडतेय... म्हणजे बदकांची तोंडं माझ्याकडे हवीत. इतक्या वर्षांत जेवताना ऐकलेल्या शास्त्राचं हे असं! पिसंही उलटी झालेली नव्हती. इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत पाठ. मी पुन्हा ओरडले, टाळ्या वाजवल्या, ढेकूळ फेकलं. एकही हललं नाही. वाऱ्याच्या लाटा त्यांच्याखालून जात होत्या आणि ती जागच्या जागी दक्षिणेकडच्या बांधाकडे बघत होती.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. राग आला. एक तर हा म्हातारा माणूस सापडत नाही, आणि वर ही बदकं! मी परत फिरणारच होते, नाक्यावर चहा पीत बसले असतील म्हणून. पण म्हटलं, एवढं काय बघतायत ते तरी बघू. तशीच रागारागाने बांधावरून दक्षिणेकडे चालत सुटले. मध्ये तिवरांची दाट झुडपं आहेत, त्यामुळे चालताना पाणी दिसत नाही.

दक्षिणेच्या बांधाआड बाबा पालथे पडले होते. चेहरा राखेसारखा, अंगाला घाम, एक हात छातीखाली. मी त्यांना कुशीवर वळवलं, जिभेखाली गोळी ठेवली, नितेशला फोन लावला, मग काकूंना. काकूंचे दोन्ही मुलगे धावत आले. त्यांनी बाबांना उचलून रस्त्यावर आणलं आणि रिक्षात घातलं. मध्येच मी पाण्याकडे पाहिलं. तळं रिकामं होतं. एवढा थवा उडाला तर पंखांचा केवढा आवाज होतो... आम्हा कोणालाच ऐकू आला नाही.

"अजून थोडा उशीर झाला असता तर," म्हणत डॉक्टरांनी माझ्यापुढे ईसीजी धरला. बाबांना थोडं स्थिर करून लगेच प्रोसिजर करायची होती. आणि त्या अवस्थेतही बाबा म्हणत होते, "न्हाय. घरी चला."

माझा तोल गेला. "बाबा, मी हाका मारत होते. ऐकू नाही आल्या?"

"आल्या."

"मग ओ का नाही दिलीत?"

"बदकं उडाली असती ना गो!"

नितेशही तोवर येऊन पोचला होता. जोडीदार नाही म्हणून हे गृहस्थ जाळं बांधून स्वतःच हाकारा द्यायला मागच्या बाजूला गेले होते. तिथे छातीत कळ आली. मी हाका मारत होते तेव्हा शुद्धीवर होते, आणि शिकार बिघडेल म्हणून गप्प पडून राहिले!

"तू तिकरं आयलीस कशी पन?" बाबांनीच विचारलं. "जालं तर वरल्या अंगाला होतं."

"बदकं तुमच्याकडे बघत होती म्हणून आले. सगळी माझ्याकडे पाठ करून बसली होती."

"खुली झायलीस काय? उत्तरेच्या वाऱ्यात बदूक दक्षिनंला तोंड करतंय?" बाबा आजारपण विसरले. भुताखेताचं काहीही चालतं, पण बदकांबद्दल चुकीचं बोललेलं चालत नाही. "मी पडल्या पडल्या बगत होतू. बांधाला फट हाय तिथून. बराबर बसलेली. तुज्याकरं तोंड, मना पाठ. नुसत्या शेपट्या दिसत व्हत्या मना."

"शेपट्या मला दिसत होत्या!"

"मना!"

नर्स आत येऊन आम्हा दोघांवर ओरडली. "पेशंट से झगडा कर रहे हो? बाहर जाओ." मी उठले. तेव्हा नितेश हळूच म्हणाला, "थांब. तू या टोकाला होतीस. बाबा त्या टोकाला. मध्ये एकच थवा?"

"एकच," मी म्हटलं.

"येकच," बाबा म्हणाले.

"एकाच वेळी?"

बाबा म्हणाले, "हिच्या हाका आयकत व्हतू ना तवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वादाला कायम तयार असलेल्या या माणसाने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "नितेश, त्या डाक्टराला बोलव. काय करायचं हाय तं कर म्हनावं."

बाबा आता बरे आहेत. दोन वेळा चालायला जातात, गोळ्यांवरून माझ्याशी भांडतात. लॅबमधल्या मॅडमना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, टेन्शनमध्ये होतं असं, शिवाय नव्या टॉवरमुळे वारा उलटा फिरला असेल. त्यानंतर तसाच वारा सुटलेल्या एका रविवारी मी तळ्याच्या दोन्ही टोकांना जाऊन उभी राहिले. दोन्हीकडे ओढणी दक्षिणेलाच उडाली. आणि समजा वारा फिरलाही असेल, तरी एका पक्ष्याला दोन्हीकडून शेपटी कशी असेल?

काकूंकडे अर्थातच उत्तर तयार आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते मला पटत नाही. माझं स्वतःचं उत्तर विचाराल तर माझ्याकडे नाही, आणि याचा मला अजूनही राग येतो. बाबांना विचारलं तर ते पाणी मागतात आणि विषय बदलतात.