दोन्ही कंपन्यांना नाही म्हणणारा

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या ऑफिसात कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीत रंग भरत बसलो होतो. त्याला कावीळ झालीय हे ठाऊक होतं, पण काविळीने आपल्या वयाचा माणूस जातो हे काही केल्या डोक्यात शिरेना. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा, की आता याला विचारायचं राहूनच गेलं... बाबा रे, तेव्हा तू असं का केलंस?

टीव्हीवर खेळायचा एक गेम आम्ही दोघांनी मिळून केला होता. प्रोग्रॅम त्याचा, चित्रं माझी. एपीएमसी मार्केटमधला हमाल कांद्याची गोणी पाठीवर घेऊन हातगाड्या चुकवत ट्रकपर्यंत पोचतो, एवढीच गोष्ट. तुर्भ्याच्या एका गाळ्यात टीव्ही-गेमची मशीनं जोडणारी कंपनी होती, ती आमचा गेम विकायला तयार झाली. त्या भरवशावर मिलिंदने नोकरी सोडली, त्याच्या पाठोपाठ मीही. मग कंपनीच्या साहेबांनी अट घातली, गेम फक्त आमच्याच मशीनवर चालला पाहिजे. मुंबईची दुसरी एक कंपनी त्यांचं गिऱ्हाईक पळवत होती, त्यामुळे त्यांचंही फार चुकलं असं म्हणवत नाही. मिलिंद "नाय जमणार" म्हणाला आणि उठून बाहेर गेला. मी चहाचा कप हातात धरून तसाच!

मला वाटलं, गडी हुशार, आता त्या दुसऱ्या कंपनीकडे जाणार. गेलाही. तिथे आमचं अगदी हसतमुखाने स्वागत झालं, आणि तीच अट समोर आली. हा तिथूनही उठला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी भर रस्त्यात ओरडलो.

"आमच्या सोसायटीत बघ ना यार. ए विंगमध्ये एकांचं मशीन, बी विंगमध्ये दुसऱ्यांचं. म्हणून तर दोन्ही मशीनना लागेल अशी गेमची कॅसेट बनवली मी. कॅसेट आली की घरोघर फिरते. आता अर्ध्या बिल्डिंगने काय दारात उभं राहून बघायचं?"

सगळ्यांच्या घरी जायला निघालेला आमचा गेम शेवटी कुणाच्याच घरी गेला नाही. मिलिंद तळोज्याच्या कारखान्यात चिकटला, नावड्याला राहायला गेला. तो मोठ्या मनाचा होता की नुसता हट्टी? मला आजही कळत नाही. कधी त्याचा अभिमान वाटतो, कधी सणसणीत राग येतो, आणि आता तर राग कुणावर काढायचा तेही कळत नाही...

परवा त्याच्या आईला भेटायला गेलो. टीव्ही बंद होता, पण खालच्या गेमच्या मशीनचा लाल दिवा चालू दिसला. मी सवयीने बटणाकडे हात नेला.

"हात नको लावू रे!" काकू केवढ्याने ओरडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हॉस्पिटलात जायच्या आधी खेळत होता. म्हणाला, आई, बंद करू नको, नायतर पयल्यापासून खेळावं लागंल. आलो की पुढचं खेळतो."

मी टीव्ही लावला. माझाच हमाल पाठीवर गोणी घेऊन अर्ध्या वाटेत थांबला होता.

"काकू, लाइट गेली तर?"

"गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "मी नाय बंद करणार."