उजव्या हाताची तर्जनी

काकू बोलायच्या आधी उजव्या हाताची तर्जनी वर करायच्या. "एक मिनिट. माझं ऐकून घ्या, मग भांडा." आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून कितीही जुंपलेली असो, ते बोट वर गेलं की सगळे गप्प. मी सेक्रेटरी, पण सभा तेच बोट चालवायचं. तुमच्याही सोसायटीत असं एखादं बोट असेलच.

शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगी बंगळूरला. काही वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांची एक किडनी काढली होती. ते आम्ही विसरलो होतो, आणि त्यांना विसरायचंच होतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "एक आहे ना शिल्लक. चाललंय काम."

गेल्या वर्षी त्याच बोटाचं टोक सुजलं. लाल, ठणकणारं. नखुरडंच ते, असा अख्ख्या इमारतीने निकाल दिला. लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून ठेवायचं, हा आपल्याकडचा घरोघरचा इलाज. प्रत्येक मजल्यावरून लिंबं आली. काकू सभेला लिंबू चढवलेलं बोट घेऊनच आल्या आणि तेच वर केलं. "हसून झालं असेल तर पाण्याच्या टाकीकडे वळू या."

सूज उतरेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी शुगर विचारली, गोळ्या दिल्या, मग बदलून दिल्या. किडनीचं काकूंनी सांगितलंच नाही. नंतर मी त्याबद्दल विचारलं तर चिडल्या. "अहो, बोट दाखवायला गेले होते मी. तिथे किडनीची कथा कशाला लावू?"

शेवटी एक्स-रे काढला. बोटाच्या टोकाचं हाड जवळजवळ विरघळलेलं. तुकडा तपासला. तोच जुना किडनीचा कॅन्सर, इतक्या वर्षांनी, बोटात. फुप्फुसातही होता. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते अजून कळत नाही.

बोट काढावं लागलं. "राहायला जागा तरी काय शोधली मेल्याने," काकू म्हणाल्या. मग तोंड फिरवून, "मुलीला कळवा. मला जमत नाहीये."

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात मुलगी म्हणत होती, आईला बंगळूरला नेते. शेजारच्या वहिनी म्हणत होत्या, त्यांना आपल्या घरीच जायचंय. आवाज चढले. मीही मध्ये पडलो. तेवढ्यात काकूंनी उजवा हात उचलला. तर्जनीच्या जागी काही नव्हतं.

"एक मिनिट."

आम्ही तिघंही गप्प झालो. त्यांचा डोळा लागला, हात सावकाश चादरीवर उतरला. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही मात्र त्या पुढे काय म्हणतात, याची वाट बघत तसेच बसून राहिलो.