खांद शेकणीच्या दिवशी बदललेलं तेल

आमच्या बापाचा हात उठायला कारण लागत नसे. बैल अडला तर बैलाला, नाही अडला तर आम्हाला. तुतारी, म्हणजे टोकाला लोखंडी आर लावलेली बैल हाकायची काठी, झोपतानाही त्याच्या उशाशी असायची. दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्याच्या रुईच्या गाठी बैलबंडीत घालून दारव्ह्याच्या स्टेशनवर पोचवायच्या, हा त्याचा जन्माचा धंदा. पोळा आणि पोळ्याचा आदला दिवस, एवढेच काय ते तुतारी खुंटीला. आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं हळूहळू शेकायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाप हे सगळं इतक्या मायेनं करायचा की मला बैलांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू, संतापही यायचा.

साठ सालानंतर कधीतरी जिनिंगच्या शेठनं एक जुना डिझेल ट्रक घेतला. मी तोवर यवतमाळच्या एका गॅरेजात मार खाऊन का होईना, पण काम शिकलो होतो. शेठनं ट्रकवर मला ठेवलं. मी स्टेअरिंगवर बसलो त्याच दिवशी बापाच्या बंडीचं भाडं बंद झालं. संध्याकाळी त्यानं मला अंगणात गाठलं आणि तुतारीनं सोलून काढलं. आर डाव्या खांद्यात रुतली. माय मध्ये पडली तर तिच्याही पाठीत एक बसली. मग माझी पेटी रस्त्यावर फेकून त्यानं बजावलं की नोकरी सुटली तरी या दारात पाय ठेवायचा नाही. मी जिनिंगच्या शेडमध्ये राहायला गेलो. ट्रकचा डायव्हर म्हणून गावात भाव होता, पण मायच्या हातच्या भाकरीची आठवण आली की ताट सरकवून उठायचो.

पुढच्या उन्हाळ्यात मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा ट्रकच्या गिअरबॉक्सचं तेल जिनच्या इंजिनावरच्या मिस्त्रीनं बदललं. दांडगा गडी, शेठच्या मर्जीतला आणि तोंडानं गटार. पावसाळा लागला तसा गिअर अडायला लागला. एकदा सरकीची पोती भरून उतारावर होतो. तिसरा काढला, दुसरा काही केल्या पडेना. ट्रक मोकळा सुटला. ब्रेकमधून धूर निघाला, समोर बंड्यांची रांग. मी ट्रक बाभळीवर घातला. कपाळ फुटलं, दोन दात गेले, पण माणूस मेला नाही. मिस्त्रीनं शेठला सांगितलं की पोट्ट्याच्या हाताला वळण नाही, दुसरा डायव्हर पाहा. शेठ म्हणाला, पोळ्यापर्यंत ट्रक नीट चालवून दाखव, नाहीतर चालता हो. घर तर आधीच बंद होतं. आता शेडही जाणार होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्रक गावाबाहेर पळवून तापवला आणि जिनच्या आवारात आणून उभा केला. तेल गरम असलं की पातळ होतं, सगळी घाण घेऊन खाली येतं. खाली घमेलं सरकवून मी ट्रकखाली उताणा पडलो आणि गिअरबॉक्सच्या बुडाचा बोल्ट सोडला. काळी धार पडायला हवी होती. पडली ती तांबूस राळ. लोंबत लोंबत उतरली आणि माझं मनगट भाजलं. नाकाशी धरली तर जळकी सरकी. त्या मिस्त्रीनं गिअरबॉक्समध्ये तेलघाण्यावरचं सरकीचं तेल ओतलं होतं! आमच्या गावात बंडीच्या आसापासून जिनच्या रुळापर्यंत सगळ्याला तेच तेल. पण बंद डब्यात, तापलेल्या दात्यांमध्ये त्याचा डिंक होतो. त्या डिंकापायी माझे दात गेले होते.

मी मिस्त्रीला बोलावून घमेलं दाखवलं. तो हसला. बंडीला चालते ते ट्रकले काहून नाही चालत, म्हणाला, आणि वर माझ्या बापाच्या बंडीवरून एक घाणेरडा शब्द बोलला. माझं टाळकं सरकलं. मी पसाभर गरम राळ उचलून त्याच्या थोबाडावर थापली. आज म्हातारा झालो, तरी त्याचा पस्तावा नाही.

तो बोंबलला, चाकं खोलायची टामी उचलली आणि माझ्या डाव्या खांद्यावर घातली. आतून काहीतरी कट्‌कन वाजलं. मी पडलो, तरी थांबेना. दुसरा घाव मी चुकवला, तो मातीत बसला. मग पोटात, बरगड्यांवर लाथा. पोरं, हमाल, तोलणारा, सगळे उभे राहून पाहत होते. तेवढ्यात फाटकातून दोन ओले बैल आत आले आणि त्यांच्यामागून माझा बाप. नदीवर बैल धुऊन घरी निघालेला तो आरडाओरडा ऐकून आत वळला होता. तुतारी खुंटीला हवी होती, पण सवयीनं बगलेत होती.

त्या दिवशी ती उचलायची नसते. त्यानं उचलली. पहिला फटका मिस्त्रीच्या मनगटावर, टामी गळून पडली. दुसरा तोंडावर. मिस्त्री गुडघ्यावर आला, नाकातोंडातून रक्त, तरी बाप थांबला नाही. काठी मोडली तेव्हाच हात खाली आला.

"याले मारायचा हक माहा हाये," तो धापा टाकत म्हणाला. "तू कोन बे?"

मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता माझी पाळी. मी उजव्या हातानं डोकं झाकून घेतलं. त्यानं वाकून ट्रकखाली पाहिलं.

"भोक उघडं हाये. तेल भरून घे पयले."

शेठ बाहेर आला. घमेल्यात बोट बुडवून त्यानं तो डिंक ताणून पाहिला आणि मिस्त्रीला सांगितलं की ट्रकला यापुढं हात लावायचा नाही. मी एका हातानं डिझेल ओतून गिअरबॉक्स धुतला, बोल्ट आवळला, बाजूच्या भोकातून नवीन तेल कडेला येईस्तोवर भरलं. दुखण्यानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. बाप बैलांचे कासरे धरून फाटकाशी उभा राहिला. मी उठलो तसा तो चालायला लागला आणि मी बैलांच्या मागं मागं घरापर्यंत गेलो.

दाराशी थबकलो. आत ये असं कोणी म्हणालं नव्हतं. बापानं बैल बांधले. मायनं तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पानं आणून ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरला. बापानं एका बैलाची खांद शेकली, मग दुसऱ्याची. कानाशी म्हणायचं तेही म्हटलं. वाटीत थोडं उरलं होतं.

"सदरा काढ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

सुजलेल्या खांद्यावर त्याच्याच आरेचा जुना वण होता. त्याचा अंगठा त्या वणावर आला आणि थांबला. माझ्या पोटात राग होताच, तो एका वाटीनं जाण्यासारखा नव्हता. मग त्यानं पान तुपात बुडवलं आणि हळूहळू शेकायला लागला, बैलांना शेकतो तसंच. मी कळवळलो. त्याचा हात हलका झाला. शेवटी तो माझ्या कानाशी वाकला.

"आज आवतन घे," बाप म्हणाला. "उद्या जेवाले ये."