पाणी थबकतं तेवढी वीस मिनिटं

एमलिन प्रॉबर्टने टपालघराच्या खिडकीत कागद चिकटवला की आमच्या बंदरातल्या बायका वाळत घातलेले कपडे आत घेत. कागदावर डुबकीच्या सहलीची तारीख असे आणि त्या तारखेला हमखास वादळ येई. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या मेव्हिसकाकू तर म्हणत, "हवामान खात्याला कशाला पगार देतात? एमलिनला विचारा की!"

एमलिनने आयुष्यभर बसगाड्यांची इंजिने दुरुस्त केली आणि डुबक्या मारणाऱ्या आमच्या मंडळाच्या सहली आखल्या. त्यांतली एकच सहल त्याची स्वतःची होती. बंदरापासून दोन मैलांवर, एकतीस मीटर खोल, पाटीच्या दगडांची वाहतूक करणारी एक जुनी आगबोट बुडालेली आहे. एमलिनचे आजोबा तिच्यावर भट्टीत कोळसा टाकायचे. बोट खडकावर आपटली तेव्हा भट्टीचे दार लावून मगच आपण उडी मारली, असे ते मरेपर्यंत सांगत. "दार लावलं म्हणे! शेपूट घालून सगळ्यांच्या आधी पळाला," असे गाव त्यांना मरेपर्यंत चिडवत राहिले. ते दार उघडे आहे की बंद, एवढेच एमलिनला पाहायचे होते.

तेवढेच जमत नव्हते. तिथे पाण्याला ओढ अशी की उधाणाच्या दिवसांत माणूस दोराला धरून झेंड्यासारखा फडफडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढ मंदावते, आणि तेव्हाही पाणी पुरते थबकते ते वीस मिनिटे. ती वीस मिनिटे दिवसाउजेडी यावीत, वारा पडलेला असावा, नावाडी इड्रिसची बोट मोकळी असावी. सात वर्षांत हे सारे एकदाही जुळले नाही. यंदा मे महिन्यात वायव्येचा वारा आठवडाभर हलला नाही. जुलैत समुद्र तळ्यासारखा होता, तर नळकांड्यांत हवा भरणारे यंत्रच बंद पडले. इंजिनांत हयात घालवलेल्या एमलिनला त्याचा सुटा भाग तीन आठवडे मिळाला नाही. ऑगस्टमधले नेमके दिवस इड्रिसच्या मुलीच्या लग्नात गेले. त्या लग्नात एमलिन केक खाताना सारखा घड्याळाकडे बघत होता. त्यात डॉक्टरांनी बजावले होते, "सप्टेंबरपर्यंतच. पुढच्या वर्षी डुबकीच्या दाखल्यावर मी सही करणार नाही."

सप्टेंबरमधल्या भांगाच्या शेवटच्या दिवशी मात्र वारा पडला. एमलिनने कागद चिकटवलाच नव्हता.

बोटीवर तिघेच होते. सुकाणूवर इड्रिस, एमलिन, आणि टपाल वाटणारी नेरिस बेनन. ती अकरा वर्षे त्याची पाण्यातली जोडीदार. खाली एकट्याने जायचे नाही, हा मंडळाचा नियम. दुसरा नियम बोटघराच्या भिंतीवर एमलिनच्याच अक्षरात रंगवलेला आहे: 'नको असे कुणीही, केव्हाही म्हणावे. कारण विचारू नये.' थट्टेला भिऊन खाली उतरलेल्या एका पोरसवदा शिक्षकाला एमलिनने एकदा निळा पडलेला वर आणला होता. त्याच संध्याकाळी त्याने हातात ब्रश घेतला होता.

बुडालेल्या आगबोटीला दोराने बांधलेला बोया ओढीने कलला होता, तो हळूहळू सरळ उभा राहिला. दोर सैल पडला. पाणी असे नितळ की दोर दहा मीटरपर्यंत खाली दिसत होता.

"दादा, थांबलं बघ पाणी," इड्रिस म्हणाला. "जा आता. आजोबांना माझा नमस्कार सांग."

नेरिस बोटीच्या काठावर बसली होती. पाठीवर नळकांडे, कपाळावर सरकवलेला डुबकीचा चष्मा. तिने पाण्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, "नको."

"नको म्हणजे? अगं, सात वर्षं ज्याच्यासाठी..."

"इड्रिस!" एमलिन ओरडला.

त्या दिवशी पाण्यात कुणी उतरले नाही. एमलिनने आधी तिच्या पाठीवरचे नळकांडे उतरवले, मग स्वतःचे. थर्मासमधला चहा ओतून तिच्या हाती दिला. स्वतः बोयाकडे बघत बसला. वीस मिनिटांनी बोया पुन्हा कलू लागला. परतताना तो इड्रिसवर खेकसत राहिला: दोर नीट गुंडाळला नाही, इंजिनाचा पट्टा सैल आहे, चहा बेचव आहे. चहा त्याने स्वतःच केला होता. उतरताना नेरिसचे सामान मात्र त्याने उचलले.

धक्क्यावर मेव्हिसकाकू दोघी-तिघींसह उभ्याच होत्या. नेरिस त्यांच्याजवळून खाली मान घालून निघून गेली.

"काय रे, दार उघडं की बंद?"

"नाही पाहिलं."

"वारा सुटला?"

"नाही."

"ओढ होती?"

"पाणी काचेसारखं होतं, काकू. नेरिस नको म्हणाली."

"अगं बाई! सात वर्षं थांबलास तू. का नको म्हणाली?"

एमलिनने शिशाच्या वजनांचा पट्टा धक्क्यावर आदळला. "मी नाही विचारलं. आणि तुम्ही तिच्या दारात जाऊन विचारलंत, तर गाठ माझ्याशी आहे."